एका वाटपाच्या दाव्यातले सात हुकूम: कुठे अपील झालं, कुठे नाही

निकाल आमच्या बाजूने लागला होता. चारही गटांत आणि गावठाणातल्या घरात माझ्या पक्षकार आक्कांचा एक तृतीयांश हिस्सा, त्याप्रमाणे सरसनिरस वाटप होऊन स्वतंत्र ताबा मिळावा, असा प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे हक्क आणि हिस्सा ठरवणारा निवाडा. सहा वर्षं चाललेला दावा. नक्कल हातात पडली त्या दिवशी आक्कांनी निकालपत्र चाळलं, मुद्दा क्रमांक ३ च्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, ह्याच्यावर अपील करायचं."

मुद्दा ३ असा होता: वादीने (म्हणजे आक्कांनी) आपला हक्क सोडत असल्याची वर्दी (लेखी खबर) तलाठ्याकडे दिली, हे प्रतिवादी सिद्ध करतात काय? त्यापुढे कोर्टाचं उत्तर होतं, होय. मुद्दा ४: त्या वर्दीने वादीचा हक्क संपुष्टात आला काय? उत्तर, नाही. हिस्सा मिळाला तो चौथ्या मुद्द्यामुळे. आक्कांचं दुखणं तिसऱ्यात होतं. वर्दीवर सही नव्हती, डाव्या हाताचा अंगठा होता. "मी सातवी शिकलीया. पोस्टातल्या पुस्तकावर, बँकेत, तुमच्या वकीलपत्रावर, सगळीकडं मी सही करती. आणि कोर्ट म्हणतंय अंगठा माझा."

त्या दिवशी मला त्यांना सांगावं लागलं की या उत्तरावर अपील होत नाही. दावा हरला असता तर झालं असतं. जिंकलात म्हणून होत नाही. हे सांगताना माझी जीभ जड झाली, कारण तो अंगठा तपासून घेण्याची एक संधी तीन वर्षांपूर्वी येऊन गेली होती आणि त्या वेळी थांबायचा सल्ला मीच दिला होता.

हा दावा मी इथे पहिल्यापासून मांडतो आहे, कारण अपील कुठल्या हुकुमावर चालतं आणि कुठल्या हुकुमावर नाही, याची जवळपास सगळी वळणं या एकाच प्रकरणात आली. पक्षकारांची नावं, गाव, गट नंबर सोडून दिले आहेत.

हकीकत

वडील १९९८ साली वारले, आई त्याआधीच. मागे दोन भाऊ आणि सर्वांत थोरल्या आक्का, लग्न १९८८ चं. वडिलांच्या पश्चात वारसनोंद झाली तेव्हा तिघांची नावं लागली. वर्षभराने एक फेरफार पडला: 'बहिणीने वर्दी देऊन हक्क सोडला, सबब नाव कमी केले.' आक्कांना हे कळलं २०१६ मध्ये. थोरल्या भावाने रस्त्याकडेचा गट विकायला काढला आणि इसार घेतल्याची बातमी गावात फुटली. त्यांनी सातबारा काढला तर नाव नाही. जून २०१६ मध्ये तालुक्याच्या कोर्टात, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्यापुढे, वाटपाचा दावा लागला.

दाव्यासोबत निशाणी ५ चा अर्ज. निशाणी म्हणजे दाव्यातल्या कागदाचा क्रमांक. आमच्याकडे तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकाल लागेपर्यंत मिळकत विकू नये वगैरे सांगणारा अर्ज बहुधा याच निशाणीला पडतो, म्हणून पक्षकारसुद्धा 'पाचचं काय झालं?' असंच विचारतात. आमचं पाच डिसेंबरमध्ये नामंजूर झालं. फेरफार सतरा वर्षं जुना आहे, वादी इतकी वर्षं गप्प होती, असं कारण.

पहिला हुकूम, आणि अपिलाचं दार म्हणजे काय

आक्कांना वाटलं दावाच गेला. त्यांना सांगितलं, दावा जिवंत आहे आणि या हुकुमावर अपीलही आहे.

अपील आहे, हे मी कशावरून म्हणालो? हुकूम चुकीचा होता म्हणून नव्हे. दाव्यात चुकीचे हुकूम अनेक होतात, त्यातल्या थोड्यांवरच अपील असतं. दावा लावायचा हक्क माणसाला आपोआप असतो, त्यासाठी कुठल्या कायद्याने परवानगी द्यावी लागत नाही. अपिलाचा हक्क मात्र कायद्याने दिला असेल तरच असतो. १९७४ च्या गंगाबाई विरुद्ध विजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. तो निकाल न्या. य. वि. चंद्रचूड यांनी लिहिला. म्हणून हुकूम हातात आला की 'बरोबर की चूक' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की कायद्यात या हुकुमासाठी अपिलाची तरतूद आहे का.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये ही तरतूद मुख्यतः दोन ठिकाणी सापडते. हुकूमनामा, म्हणजे पक्षकारांच्या हक्काचा निवाडा (डिक्री) असेल तर कलम ९६. हुकूमनामा नसून नुसता हुकूम असेल तर कलम १०४ आणि ऑर्डर ४३ नियम १. इथे 'ऑर्डर' म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, संहितेच्या परिशिष्टातलं नियमांचं प्रकरण. या नियमात हुकुमांची यादीच आहे. यादीत असेल त्यावर अपील, नसेल त्यावर नाही. मनाईचा अर्ज मंजूर किंवा नामंजूर करणारा हुकूम या यादीत खंड (आर) मध्ये बसतो. आम्ही ३० दिवसांच्या आत जिल्हा न्यायालयात किरकोळ दिवाणी अपील दाखल केलं.

मनाईच्या अपिलात वरचं कोर्ट सगळं नव्याने तोलत नाही, हे पक्षकाराला आधीच सांगावं लागतं. खालच्या कोर्टाने आपला स्वेच्छाधिकार मनमानीने किंवा कायद्याची ठरलेली तत्त्वं डावलून वापरला, हे दाखवावं लागतं. नुसतं 'आम्हाला वेगळं वाटतं' हे पुरत नाही. १९९० च्या वाँडर लिमिटेडच्या निकालापासून हेच धरून चालतात. आमच्याकडे दाखवायला एक ठोस गोष्ट होती. फेरफार ही महसुली नोंद आहे, तिने मालकी जातही नाही आणि येतही नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंदणीकृत दस्त लागतो. खालच्या हुकुमात याचा उल्लेखच नव्हता. जिल्हा न्यायालयाने दाव्याचा निकाल लागेपर्यंत कुठल्याही गटात त्रयस्थाचे हितसंबंध निर्माण करायला मनाई केली.

आता भाऊ बिथरले. त्यांना दुसरं अपील करायचं होतं. ते होत नाही. कलम १०४ च्या पोटकलम २ मध्ये साफ लिहिलं आहे की या कलमाखालच्या अपिलात झालेल्या हुकुमावर पुन्हा अपील नाही. हा झाला दुसरा हुकूम. त्यांनी मुंबईला उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली रिट अर्ज केला. त्याला लोक 'हायकोर्टात अपील' म्हणतात. ते अपील नव्हे. २२७ म्हणजे खालची कोर्टं आपल्या अधिकाराच्या चौकटीत चालतात की नाही एवढी देखरेख. २०१० मध्ये शालिनी श्याम शेट्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा पुन्हा घालून दिली, तीही मुंबईच्याच वादातून. २०१५ मध्ये राधेश्याम प्रकरणात हेही ठरलं की दिवाणी कोर्टाच्या न्यायिक हुकुमावर अनुच्छेद २२६ ची रिट चालत नाही, २२७ च पाहायचं. भावांचा अर्ज पहिल्याच सुनावणीत फेटाळला गेला. एका दिवसासाठी रात्रीची एसटी, तिकडच्या वकिलांची फी, आणि हाती काही नाही. ऑगस्ट २०२५ पासून आमच्या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळे हा फेरा आता जवळ आला. जवळ आला म्हणून २२७ चं अपील होत नाही, हे मात्र आजही पक्षकारांना समजावावं लागतं.

दावा काढून टाकला गेला

२०१८ मध्ये आक्कांचे यजमान मिरजेला दवाखान्यात होते. त्यात आमच्या डायरीत तारीख चुकीची पडली. ही चूक माझ्या ऑफिसची. पुकारा झाला तेव्हा आमच्याकडून कोणी नव्हतं, प्रतिवादी हजर होते. ऑर्डर ९ नियम ८ प्रमाणे दावा गैरहजेरीमुळे काढून टाकला गेला. हा तिसरा हुकूम.

दावा संपला म्हणजे हुकूमनामा झाला आणि हुकूमनाम्यावर अपील, असं इथे कुणालाही वाटेल. पण कलम २(२) मध्ये हुकूमनाम्याची व्याख्या करतानाच गैरहजेरीमुळे दावा काढून टाकण्याचा हुकूम बाहेर ठेवला आहे. ऑर्डर ४३ च्या यादीतही तो नाही. त्याच कारणासाठी नवा दावाही लावता येत नाही, नियम ९ तशी बंदी घालतो. सरळ वाट एकच, ३० दिवसांच्या आत दावा पुन्हा नंबरावर घ्यावा असा अर्ज. मी दवाखान्याची कागदपत्रं आणि डायरीचं पान दोन्ही प्रतिज्ञापत्राला जोडली. खर्चाच्या अटीवर दावा पुन्हा नंबरावर आला.

इथे कायद्याची रचना बघण्यासारखी आहे. दावा काढून टाकला, त्यावर अपील नाही. पुन्हा नंबरावर घ्यायचा अर्ज नामंजूर झाला असता, तर त्यावर अपील होतं. ते यादीत खंड (सी) मध्ये आहे. अर्ज मंजूर झाला, त्यावर पुन्हा अपील नाही, म्हणून भावांना अपील करता आलं नाही. एकतर्फी हुकूमनाम्याचंही काहीसं असंच. तो रद्द करायचा अर्ज फेटाळला तर खंड (डी) खाली अपील आहे, मंजूर झाला तर नाही. फरक एवढाच, की एकतर्फी हुकूमनाम्यावर कलम ९६(२) प्रमाणे सरळ अपीलही करता येतं.

चौथा हुकूम थोडक्यात सांगतो. भावांनी अर्ज दिला की दावा मुदतबाह्य आहे, ऑर्डर ७ नियम ११ प्रमाणे दावाअर्जच नाकारावा. कोर्टाने तो अर्ज फेटाळला. दावाअर्ज नाकारला असता तर ते हुकूमनाम्यात धरलं गेलं असतं आणि आम्हाला कलम ९६ चं अपील मिळालं असतं. फेटाळल्यावर भावांना अपील नव्हतं, पण कलम ११५ चा पुनरीक्षण अर्ज (रिव्हिजन), म्हणजे अपील नसलेला हुकूम हायकोर्टाने तपासावा असा अर्ज, चालला असता. २००२ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनंतर पुनरीक्षणाची कसोटी अशी आहे: हुकूम तुमच्या बाजूने लागला असता तर दावाच निकाली निघाला असता का? निघाला असता, तर पुनरीक्षण आहे. नाहीतर नाही. भावांच्या वकिलांनी तिकडे न जाता पुरावा चालू दिला, आणि ते योग्यच केलं. मुदतीचा मुद्दा पुराव्याशिवाय ठरण्यातला नव्हता.

अंगठा

आता त्या पाचव्या हुकुमाकडे येतो.

२०१९ मध्ये प्रतिवादींनी निवृत्त तलाठ्यांना साक्षीला आणलं. तोवर दाव्यात फक्त फेरफाराचा उतारा होता. मूळ वर्दी तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या दिवशी पहिल्यांदा कोर्टात आली. पिवळा पडलेला, घडीवर विरलेला अर्धा फुलस्केप कागद, खाली निळसर शाईत अंगठा आणि शेजारी कुणाच्या तरी अक्षरात 'निशाणी अंगठा' आणि आक्कांचं नाव. आक्का माझ्यामागच्या बाकावर होत्या. त्यांनी मान पुढे काढून कागद पाहिला आणि तिथेच म्हणाल्या, "अंगठा?" साक्षीदाराने सरतपासात सांगितलं होतं की बाईंनी माझ्यासमोर अंगठा दिला. उलटतपासात मी विचारलं, बाईंना सही येते हे तुम्हाला माहीत होतं का? उत्तर आलं, आठवत नाही.

पुढच्या तारखेला आम्ही ऑर्डर २६ नियम १०-अ खाली अर्ज दिला: वर्दीवरचा ठसा आणि आक्कांच्या अंगठ्याचा ठसा तज्ज्ञाकडे पाठवावा. अर्ज नामंजूर झाला. अर्ज उशिरा आला, आणि दावाअर्जात 'वर्दी दिली नाही' एवढंच म्हटलं आहे, 'अंगठा बनावट आहे' असं म्हटलेलं नाही, ही दोन कारणं. माझ्या मते दोन्ही कारणं लंगडी होती. जो कागद पाहिलाच नाही त्यावरचा अंगठा बनावट आहे हे तीन वर्षं आधी दावाअर्जात कसं लिहिणार?

आक्का म्हणाल्या, अपील करा. ऑर्डर ४३ च्या यादीत हा हुकूम नाही. पुनरीक्षण नाही, कारण अर्ज मंजूर झाला असता तरी दावा निकाली निघणार नव्हता. राहिलं २२७. करता आलं असतं. पण मी त्यांना थांबवलं. हायकोर्टात गेलं की खालचा दावा खोळंबतो, स्थगिती मिळो न मिळो, तारखा पडत राहतात. आणि कलम १०५ आहे ना. ज्या हुकुमावर अपील नाही तो हुकूम मरत नाही. दाव्याच्या अंतिम हुकूमनाम्यावर अपील करताना, मधल्या ज्या हुकुमाने निकालावर परिणाम झाला त्यातली चूक अपिलाच्या मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जात, हरकत म्हणून घेता येते. ऑर्डर ४३ नियम १-अ मध्येही १९७६ च्या दुरुस्तीने हेच स्पष्ट केलं. म्हणून मी म्हणालो, "आक्का, हा हुकूम जपून ठेवू. उद्या दावा हरलो तर अपिलात हाच पहिला मुद्दा घेऊ."

कायद्याच्या दृष्टीने हा सल्ला बरोबर होता. वकील रोज हाच सल्ला देतात, आणि दहा वेळा त्याचा फायदाच होतो. मधल्या प्रत्येक हुकुमावर वर धावत गेलेले दावे मी वीस-वीस वर्षं पडून राहिलेले पाहिले आहेत. पण त्या सल्ल्यात एक गोष्ट मी सांगितली नाही, आणि ती मला तेव्हा सुचलीही नाही. कलम १०५ चा उपयोग हुकूमनाम्यावर अपील करणाऱ्यालाच होतो. अपील तोच करतो ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला. आपण जिंकलो तर?

जिंकल्यावर

मधे कोविडची दोन वर्षं गेली. या उशिराने एक गोष्ट आमच्या बाजूने झाली. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मुलीचा सहदायिकी हक्क, म्हणजे वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला हक्क, जन्माने आहे, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. त्याआधी निकाल लागला असता तर १९९८ ला वारलेल्या वडिलांच्या काल्पनिक वाटपातल्या (मृत्यूच्या आधी वडील आणि दोन मुलांत वाटप झालं असं धरून येणाऱ्या) तिसऱ्या हिश्श्याचा तिसरा भाग, म्हणजे एक नवमांश, आक्कांच्या वाट्याला येण्याची भीती होती. जुलै २०२२ मध्ये हुकूमनामा झाला तो एक तृतीयांशाचा. हा सहावा हुकूम.

आणि तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर 'होय'. तलाठ्यांची साक्ष डळमळली नाही, आक्कांनी उलटतपासात वर्दीच्या महिन्यात माहेरी होते हे कबूल केलं होतं, आणि अंगठ्याबाबत तज्ज्ञाचा अहवाल नव्हता. तिसरं कारण वाचताना मी मान खाली घातली. अहवाल नव्हता, कारण मागितलेला दिला नव्हता.

कलम ९६ चं अपील हुकूमनाम्यावर असतं, निकालपत्रातल्या निष्कर्षावर नाही. हुकूमनाम्यात आक्कांना मागितलं ते सगळं मिळालं होतं. ज्याला पूर्ण हुकूमनामा मिळाला, त्याला वाटेत लिहिलेल्या एखाद्या प्रतिकूल वाक्यासाठी अपील करता येत नाही. गंगाबाईच्या निकालातला प्रश्न नेमका हाच होता. आमचा हुकूमनामा त्या 'होय'वर उभाही नव्हता, उलट 'होय' असूनही उभा होता. पुनर्विलोकन अर्जाचाही, म्हणजे त्याच कोर्टाने आपला निकाल पुन्हा पाहावा अशा अर्जाचाही, मी विचार केला. पण त्यासाठी निकालाच्या तोंडावर दिसणारी चूक लागते. इथे न्यायाधीशांनी पुरावा तोलून एक मत बनवलं होतं.

एक फट होती. भावांनी अपील केलं असतं, तर आम्ही उत्तरवादी म्हणून ऑर्डर ४१ नियम २२ खाली तिसऱ्या मुद्द्यावर हरकत घेऊ शकलो असतो, आणि त्याबरोबर अंगठ्याचा जुना हुकूमही बाहेर काढता आला असता. म्हणजे आक्कांचं म्हणणं वरच्या कोर्टाने ऐकावं, हे भावांच्या हातात होतं.

मी त्यांना कायदा समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. ज्या निष्कर्षावर अपील करता येत नाही तो पुढच्या एखाद्या दाव्यात तुम्हाला बांधत नाही, हेही सांगितलं. "मला कुठला दुसरा दावा लावायचाय," त्या म्हणाल्या. "गावात म्हणत्यात, बाईनं अंगठा दिला आणि मागनं फिरली. कोर्टानंबी तेच लिवलं."

२०१९ मध्ये त्या म्हणाल्या होत्या अपील करा, तेव्हा त्या जमिनीबद्दल बोलत नव्हत्या, हे मला २०२२ मध्ये कळलं. जमिनीपुरता माझा हिशोब चुकला नव्हता, आजही मी तोच करेन. पण त्या दिवशी मी त्यांना विचारायला हवं होतं: दावा जिंकून हा कागद तसाच राहिला तर चालेल का? त्या 'नाही' म्हणाल्या असत्या, तर २२७ चा अर्ज करायला हवा होता. उशीर झाला असता तरी. निवड त्यांची होती आणि ती मी केली.

भावांची चूक

भावांनी अपील केलं नाही. म्हणजे तेव्हा केलं नाही.

धाकट्याने एकदा कोर्टाच्या आवारात मला गाठून सांगितलं, "साहेब, हा तर प्राथमिक झाला. अंतिम होऊ द्या, मग बघतो आम्ही." मी विरुद्ध बाजूचा वकील, काही बोललो नाही. त्यांच्या वकिलांनी त्यांना सांगितलं होतं की नाही मला माहीत नाही. हा गैरसमज मात्र मी किती जणांकडून ऐकला असेल. 'प्राथमिक' हा शब्दच फसवा. लोकांना वाटतं कच्चा आहे.

वाटपाच्या दाव्यात हक्क कुणाचा आणि हिस्सा किती, हे प्राथमिक हुकूमनाम्यातच ठरतं. पुढे राहतं ते सरस-निरस पाहून तुकडे पाडणं. त्या हुकूमनाम्यावर स्वतंत्र अपील आहे, मुदत ३० दिवसांची, आणि ते केलं नाही तर कलम ९७ आड येतं: अंतिम हुकूमनाम्यावरच्या अपिलात प्राथमिक हुकूमनाम्याच्या अचूकतेबद्दल बोलता येणार नाही. कलम १०५ सांगतं की मधला हुकूम नंतरसाठी राखून ठेवता येतो. कलम ९७ सांगतं की हा एक राखता येत नाही. तीस दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, नक्कल घरी आल्यापासून नाही. नकलेसाठी लागलेले दिवस तेवढे वगळले जातात, म्हणून नकलेच्या मागे अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तीन तारखा पडलेल्या असतात. मुदतीचा वाद निघाला की वकील आधी पान उलटून त्या तारखा बघतो.

पुढचं ठरल्याप्रमाणे झालं. शेतजमिनीच्या वाटपासाठी कलम ५४ प्रमाणे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं, तिथून तहसीलला, मोजणीला. घर शेतसाऱ्याचं नाही, म्हणून त्यासाठी कोर्ट कमिशनर नेमला. त्याने ओसरी, माजघर आणि मागचा गोठा मोजून नकाशा दिला, आणि २०२४ मध्ये घराचा अंतिम हुकूमनामा झाला. हा सातवा. आता भावांनी अपील केलं. मेमोत बारा मुद्दे होते. त्यातले दहा वर्दीबद्दल: बहिणीने हक्क सोडला, कोर्टानेच मुद्दा ३ ला 'होय' म्हटलं आहे, मग हिस्सा कसा?

मी तो मेमो आक्कांना वाचून दाखवला तेव्हा त्या सरळ बसल्या. "मग आता वर्दीचं निघंल?" मलाही क्षणभर तसं वाटलं. पण कलम ९७ दोघांनाही लागू होतं. जिल्हा न्यायालयाने सांगितलं की हिश्श्याचा प्रश्न २०२२ ला संपला. मागच्या गोठ्यातून वहिवाट कुणाची आणि भिंत कुठून, एवढंच या अपिलात पाहता येईल. वर्दीवर कोर्टाने एक शब्दही ऐकला नाही, भावांचा नाही आणि आमचाही नाही. २०२५ मध्ये अपील खर्चासह फेटाळलं गेलं.

त्याच उन्हाळ्यात मंडळ अधिकारी ताबा द्यायला आले. मीही गेलो होतो. हद्दीच्या खुणांवर चुना टाकला, पंचांच्या सह्या झाल्या. बांधावरच्या बाभळीखाली खुर्ची टाकून अधिकाऱ्यांनी ताबेपावती लिहिली. ती पुढे सरकवताना त्यांनी शाईचं पॅडही उघडून सरकवलं. पासष्टीच्या, नऊवारीतल्या बाई, सवयीने सरकवलं असेल. आक्कांनी पॅडचं झाकण लावलं, माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत, वडिलांच्या नावासकट माहेरचं पूर्ण नाव लिहिलं. मग अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "ह्याची मला नक्कल पाहिजे. सही नीट दिसंल अशी."